बुलगोगी, बकरं आणि बीड

गोड मटण ही कल्पनाच कोल्हापूरकराला पचत नाही. गूळ, साखर यांची जागा उसाच्या फडात, गुऱ्हाळावर आणि फार तर पुरणात. मटणाच्या पातेल्याकडे त्यांनी फिरकायचं नाही असा अलिखित करार आहे. बाहेरगावच्या हॉटेलात 'कोल्हापुरी' म्हणून समोर येणाऱ्या लालभडक, किंचित गोडसर रश्शाबद्दल आमच्या गल्लीत जे बोललं जातं ते इथे लिहिता येणार नाही. मटण हा विषय इथे किती गांभीर्याने घेतात याचं एकच उदाहरण देतो. 2019 च्या शेवटी मटणाचा दर वाढला तेव्हा कोल्हापुरात त्याविरुद्ध रीतसर आंदोलन झालं. कृती समिती, बैठका, निवेदनं, सगळं. पेट्रोलसाठी आम्ही कधी एवढे पेटून उठलेले मला आठवत नाही. :)

तर अशा गावात, अशा घरात, गेल्या वर्षभरात सात-आठ वेळा मी बुलगोगी केलंय. सोया सॉस आणि गूळ लावलेलं, मिरचीचा कणही नसलेलं मांस. आणि ते घरात टिकलंय. का टिकलं ते सांगायचं तर आधी थोडं कोरियाबद्दल आणि मग आबांच्या दातांबद्दल बोलावं लागेल.

2014 च्या हिवाळ्यात प्रोजेक्टच्या निमित्ताने मी तीन महिने सुवोनला होतो. सुवोन म्हणजे सोलच्या दक्षिणेला, लोकलने तासाभरावर. बाहेर उणे आठ-दहा तापमान, आत ऑफिसात क्लायंटचे प्रश्न, आणि संध्याकाळी टीमबरोबर जेवण. या जेवणांतच बुलगोगी पहिल्यांदा खाल्लं. 'बुल' म्हणजे विस्तव, 'गोगी' म्हणजे मांस. नाव एवढं सरळ, की आपल्याकडचं 'भाजलेलं' म्हणतात त्यातला प्रकार वाटावा. प्रत्यक्षात गंमत भाजण्याच्या आधी आहे. मांसाचे कागदासारखे पातळ काप करायचे, ते सोया सॉस, साखर, लसूण, कांदा, तिळाचं तेल, मिरपूड आणि किसलेलं पेअर यांत मुरवायचे, आणि मग कडक तापलेल्या भांड्यावर दोन-तीन मिनिटांत परतून गरम भाताबरोबर खायचे. सोलच्या पद्धतीचं भांडं मजेशीर असतं: मध्ये घुमटासारखं फुगीर, आणि कडेने गोल पन्हळ. मांस घुमटावर शिजतं, रस ओघळून पन्हळीत जमतो, आणि शेवटी तो रस भातावर घेतात. आपण पातेल्याच्या तळाचा रस्सा पुसून खातो, त्यातलाच मोह.

दुसरी एक गोष्ट तिथे लक्षात राहिली. टेबलावर सगळ्यांत वडील जो असेल त्याने चमचा उचलेपर्यंत बाकी कोणी सुरुवात करत नाही. आमच्या टीमचा मॅनेजर पन्नाशीचा होता आणि फोनवर बोलत बसायचा. आम्ही सगळे वाफाळत्या ताटाकडे बघत बसायचो.

आता तो प्रश्न. तिथलं बुलगोगी बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. डुकराचं असतं, कोंबडीचंही असतं, पण नुसतं 'बुलगोगी' म्हटलं की बैल-गायीचंच. मी खाल्लं का? खाल्लं. घरी आल्यावर आबांनी एकदाच विचारलं, "बैलाचं हुतं?" मी म्हटलं, हो. ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "चवीला कसं लागतं?" :)

आबांचं गप्प बसणं मला समजतं. आजोबांची गावाकडे जमीन होती, बैलजोडी होती. आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो; त्या दिवशी बैलांना आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, आणि माणसांच्या आधी पुरणपोळी. शेवटचा बैल म्हातारा झाल्यावर आजोबांनी तो विकला नाही, गोठ्यात मरू दिला, आणि बांधाजवळ पुरला. अशा घरात बैलाचं मांस येत नाही. त्याला कायद्याची गरज नव्हती. कायदा नंतर आला: महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला बंदी घालणारा कायदा 1976 चा; बैल आणि वळू यांनाही ती बंदी लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने 1995 साली मंजूर केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळायला 2015 साल उजाडलं. 2016 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. म्हणजे ज्याला हवं त्याला म्हशीच्या मांसाचं बुलगोगी इथे कायद्याने करता येतं, आणि चवीला ते मुळाच्या जास्त जवळ जाईल. आमच्या स्वयंपाकघरात तेही येणार नाही. कोणी काय खावं यावर मला इथे भाषण द्यायचं नाही. आमचं घर कुठे आहे तेवढं सांगितलं.

पण यातली खरी गंमत मला नंतर वाचताना कळली. ज्या देशाची ही डिश, त्या देशात कित्येक शतकं गोवधावर बंदी होती! आधीच्या गोर्यो काळात बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे मांसाहारच कमी, आणि नंतरच्या जोसॉन राजवटीत (1392 ते 1897) बैल हा नांगराला लागतो म्हणून राजे पुन्हा पुन्हा हुकूम काढायचे की बैल कापू नका. पुन्हा पुन्हा काढावे लागायचे यातच काय ते आलं. दरबारात आणि उमरावांच्या घरी 'नोबियानी' नावाचं पातळ कापून मुरवून भाजलेलं मांस खाल्लं जायचं, तेच बुलगोगीचं जुनं रूप मानतात. शेतकऱ्याच्या दावणीला बैल आणि सरदाराच्या ताटात बैल. हे वाचताना जोसॉनच्या जागी आपल्याकडचं कुठलंही संस्थान टाकून बघा, फारसं काही बदलावं लागत नाही.

'वोनांग सोरी' नावाचा एक कोरियन माहितीपट आहे, 2009 साली तिथे थिएटरांत लागला आणि प्रचंड चालला. इंग्रजीत तो 'ओल्ड पार्टनर' नावाने मिळतो. ऐंशीच्या आसपासचा एक शेतकरी आणि त्याचा चाळीस वर्षांचा बैल, एवढीच गोष्ट. म्हातारा शेतात औषध मारत नाही, कारण तिथलं गवत बैल खातो. म्हातारी दिवसभर कुरकुरते की सगळ्यांनी यंत्रं घेतली, आपणच राहिलो. मी तो आबांना लॅपटॉपवर दाखवला. सबटायटल्स वाचायची त्यांना गरजच पडली नाही. मध्येच म्हणाले, "ह्याचं मागचं पाय गेल्यात." आणि संपल्यावर म्हणाले, "त्यांच्यात बेंदूर नसतो व्हय?"

असो. आता दात.

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तालमीतलं शरीर, दर रविवारी अर्धा किलो मटण एकट्याने खाणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी उरलेले दात काढून पूर्ण कवळी बसवली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की कवळीने चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या पाव भागाएवढी राहते, सवय झाली तरी. आबांनी मान डोलावली. पण त्याचा अर्थ पहिल्या रविवारी कळला. एक फोड तोंडात घेतली, बराच वेळ इकडून तिकडे फिरवली, आणि उठून बेसिनकडे गेले. त्यानंतर त्यांनी पद्धतच पाडली: ताटात तांबडा, पांढरा, भात घ्यायचा, आणि फोडी नातीच्या ताटात टाकायच्या. "तू खा बाळा, वाढीचं वय हाय." नात चौदा वर्षांची, ती खूश. काही महिन्यांनी ते रविवारी पंगतीला उशिरा यायला लागले. मला अजून भूक नाही, तुम्ही बसा. कोल्हापुरात रविवारी दुपारी एकच्या सुमाराला माणसाला भूक नाही म्हणजे काय हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तुम्ही म्हणाल, खिमा करायचा. केला. "खिमा म्हणजे काय मटण हाय व्हय?" मग आईने कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या. मांस हाडावरून सुटलं खरं, पण मांडीचं मांस जास्त शिजवलं की त्याचे दोरे होतात. चोथा. तो कवळीखाली अडकतो आणि मग जेवणच संपतं. प्रश्न मऊपणाचा कमी आणि तंतूंच्या लांबीचा जास्त आहे, हे मला साधारण तेव्हा लक्षात आलं (आम्हा प्रोग्रॅमर लोकांना कुठल्याही दुःखाचं आधी रूट कॉज लागतं). मांसाचे तंतू लांब असतात, दात ते आडवे तोडतात. दात नसतील तर ते काम ताटात येण्याआधी सुरीने करायला हवं. तंतूंना आडवं, पातळ. म्हणजे सुवोनमध्ये मी तीन महिने जे खात होतो तेच की!

तर कृती. कोल्हापूरसाठी बदललेली.

पहिला अडथळा दुकानात. आमचे मटणवाले मामा मला लहानपणापासून ओळखतात. अर्धा किलो मांडीचं, बिनहाडाचं, अख्खा तुकडा, कापू नका असं म्हटल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. "कुणाची तब्येत बिघडलीय का घरात?" हाड नसलेलं मटण मागणं म्हणजे त्यांच्या लेखी आजारपण. नळी नाही, चाप नाही, सीना नाही, मग मटण कशाला म्हणायचं. मी सांगितलं, आबांसाठी. मग काही न विचारता त्यांनी मांडीचा सगळ्यात कोवळा भाग काढून दिला, वरची पांढरी शीर सोलून दिली, आणि थोडी चरबी वेगळी बांधून दिली. ही चरबी कामाची असते. कोरियात वापरतात त्या मांसात चरबी आतूनच पसरलेली असते; बकऱ्याचं मांस त्यामानाने कोरडं, त्यामुळे तव्यावर आधी चरबीचा तुकडा फिरवायचा.

मांस तसंच पातळ कापायला गेलं तर सुरीखाली सरकतं. ते दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवायचं. दगड होऊ द्यायचं नाही, बोट दाबलं तर जेमतेम दबेल इतकं. मग धारदार सुरीने तंतूंना आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप. तंतू कुठल्या दिशेने जातात ते बघायला मांस उजेडात तिरकं धरायचं, लाकडाच्या रेषा दिसाव्यात तसे दिसतात. मांडीत तीन-चार स्नायू वेगवेगळ्या दिशांनी जातात, म्हणून आधी ते हाताने सुटे करायचे. सगळ्या प्रकरणात हेच काम महत्त्वाचं आणि वेळखाऊ. रविवारी सकाळी एफएमवर जुनी गाणी लावून बसलं तर तासभर छान जातो.

मुरवण्यात फळ का, तर कच्च्या फळांतली काही एन्झाइम्स मांसातली प्रथिनं तोडतात. पेअरमध्ये ती सौम्य असतात, किवीत आणि अननसात जास्त, आणि कच्च्या पपईतलं पपेन तर पैलवान. आपल्याकडे मटणाला पपई लावतात ती याचसाठी. कोरियन पेअर गोल, रवाळ आणि पाणीदार असतं. आपल्याकडे बाजारात येणारी कडक, रवाळ नासपती त्याच्याच गोतावळ्यातली. आता अडचण अशी, की नासपती हातगाड्यांवर दिसायला लागते पावसाळ्यात, आणि श्रावण लागला की आमच्या घरी महिनाभर मांस बंद. म्हणजे नासपती आणि मटण यांची अधिकृत गाठभेट फक्त आखाडात. (आखाडात तसंही कोल्हापुरात कोणी दुसरं काही खात नाही.) एरवी मी अर्धं सफरचंद किसून गोडवा आणि पाणी त्याच्याकडून घेतो, आणि मऊपणासाठी कच्ची पपई. पण पपईशी बेतानेच वागावं लागतं. एवढ्या पातळ कापांना अर्धा किलोला अर्धा चमचा वाटलेली पपई पुरते, आणि तीही शेवटच्या अर्ध्या तासात लावायची. रात्रभर ठेवली तर सकाळी मटणाचं पिठलं मिळेल.

सोया सॉस घेताना बाटलीमागचं वाचा. रंकाळ्यावरच्या चायनीज गाडीवर असतो तो काळाकुट्ट, कॅरॅमलचा रंग घातलेला सॉस इथे नको. नैसर्गिक पद्धतीने आंबवलेला, सोयाबीन-गहू-मीठ-पाणी एवढंच लिहिलेला बघून घ्यायचा. एका मोठ्या चमच्यात सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यामुळे वेगळं मीठ अजिबात नाही. मी अर्धा किलोला तीन मोठे चमचे घेतो आणि बाकी पातळपणा फळाच्या रसाने आणतो. आबांना बीपीचा त्रास नाही, तरी महिन्यातून एकदाच्या वर करत नाही.

साखरेऐवजी गूळ. इथे भावनेचा भाग आहे हे मान्य. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली जीआय मानांकन मिळालंय आणि तो घरात असताना साखरेचा डबा उघडवत नाही. पण चवीचाही भाग आहे: गुळाचा किंचित खारट, जळकट वास सोया सॉसशी चटकन जुळतो. दीड मोठा चमचा किसलेला गूळ, सहा-सात पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, अर्धा कांदा किसून, आणि भरड मिरपूड.

राहिला तीळ. कोरियन तेल हे आधी तीळ खमंग भाजून मग काढलेलं असतं, म्हणून ते गडद आणि वासाला जबर. आपल्या घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं. त्याला तो वास नाही. मी घाण्याचंच दोन छोटे चमचे तेल घेतो आणि एक मोठा चमचा तीळ लालसर भाजून खलबत्त्यात ओबडधोबड कुटून घालतो. हे करत असताना आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "वास तर आपल्या मसाल्याचा येतोय." येणारच. पांढऱ्या रश्श्यात तीळ असतात, कांदा-लसूण मसाल्यात तीळ असतात. एवढा वेळ परकं वाटणारं ते भांडं तिथे पहिल्यांदा घरचं झालं. मग तिने आत डोकावून मिरची शोधली. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग मी ठेचा करतो." (आमच्याकडे बायका 'मी करतो' असंच म्हणतात. टायपो नाही.)

तीन-चार तास मुरल्यावर तवा. इथे आबा पहिल्यांदा उठून गॅसजवळ आले. मी नॉनस्टिक पॅन काढलं होतं. ते बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि माळ्यावरून बिडाचा जुना तवा काढायला लावला. बीड म्हणजे कास्ट आयर्न (जिल्हा नव्हे). त्यांचं म्हणणं साधं होतं आणि बरोबर होतं: पातळ भांड्यात गार, ओलं मांस टाकलं की भांडं गार पडतं, मांसाला पाणी सुटतं आणि ते त्या पाण्यात उकडतं. जाड बीड उष्णता धरून ठेवतं. गोडसर मांसाला जो तपकिरी, खमंग पापुद्रा धरतो तो पाणी उडाल्याशिवाय धरत नाही; साखर आणि प्रथिनं यांची ती प्रक्रिया ओल्या भांड्यात होतच नाही. आबांना माइयार हे नाव माहीत नाही, पण चाळीस वर्षं वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून तापमान सांगणाऱ्या माणसाला तवा कधी तापला हे मी काय सांगणार. पाण्याचा थेंब टाकला. "अजून न्हाई." दुसरा टाकला, तो गोळी होऊन पळाला. "हां. टाक आता. समदं एकदम नको, मूठभरच."

मूठभर काप, निथळून, एका थरात. चर्र आवाज आला पाहिजे आणि थांबता कामा नये. एक मिनिट हात लावायचा नाही, मग उलटायचं, अजून मिनिटभर. काढायचं, पुढची मूठ. शेवटी भांड्यात उरलेला मुरवणीचा रस तव्यात ओतून चांगला उकळवून घट्ट करायचा. त्यात कच्च्या मांसाचा रस असतो, त्यामुळे उकळी यायलाच हवी. वरून कांद्याची पात.

भात आजऱ्याच्या घनसाळचा. यालाही जीआय आहे, 2016 चं. आम्ही आता मानांकनवाल्यांनीच वेढलेलो आहोत. आखूड दाण्याचा, सुवासिक, आणि जरा मऊसर होतो. कोरियन भाताइतका चिकट नाही, पण बासमतीपेक्षा कितीतरी जवळचा. तिथे लेट्यूसच्या पानात मांस, भात, लसूण गुंडाळून अख्खा घास तोंडात टाकतात. आम्ही कोबीची कोवळी पानं घेतली. ठेचा सगळ्यांनी घेतला. कोरियन लोक काही म्हणणार नाहीत. मिरची त्यांच्याकडेही आपल्यासारखीच समुद्रापलीकडून, साधारण त्याच सोळाव्या शतकाच्या आगेमागे आली आणि त्यांनीही तिला नंतर डोक्यावरच घेतलं. बुलगोगी तेवढं तिच्या तडाख्यातून सुटलं.

लेक के-ड्रामा बघून तयार झालेली. तिने जाहीर केलं की आज आजोबांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, कोरियात तसंच असतं. तिने स्वतः हात मांडीवर ठेवले आणि आम्हालाही ठेवायला लावले. आबा "कायतरी खुळं" असं पुटपुटत बसले. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्यांनी एक काप उचलला, भाताबरोबर घेतला. चावला. मी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो हे त्यांना कळत असावं, कारण त्यांनी तोंड जरा खिडकीकडे वळवलं. गिळला. दुसरा घेतला. मग तिसऱ्याबरोबर ठेचा.

"गुळमट लागतंय," ते म्हणाले. आणि ताट पुढे केलं.

नातीच्या ताटात त्या दिवशी एकही काप गेला नाही. तिने मागितला तेव्हा म्हणाले, "तव्यावर हाय की अजून, घे तिथलं."

तांबडा-पांढरा घरात चालूच आहे. ते बंद होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि हे त्याची जागा घेईल असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. अख्ख्या बकऱ्यातलं काहीच वाया न घालवणारा, वीस माणसं आली तरी पाणी न घालता पुरणारा तो स्वयंपाक आहे. बुलगोगी चार माणसांचं, एका तव्याचं. आबांचा रविवारचा वेळ मात्र पुन्हा एकवर आलाय, रस्सा असला तरी. त्यांच्या वाटणीचं थोडं मटण मी आता आधीच पातळ आडवं कापून रश्श्यात शेवटी सोडतो. आई म्हणते असं कोण करत नाही. बरोबर आहे, कोण करत नाही.

सध्या घरात वेगळंच चाललंय. मी आबांना फोनवर त्या घुमटाच्या भांड्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्यो पितळेचा हाय?" म्हटलं, हो, तिथे पितळेचा असतो. "बिडाचा हुईल." मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलीने आडवा छेद काढला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाची आता शिरोलीला स्वतःची छोटी फाउंड्री आहे, तो ओतून देणार. व्यास 300 मिलिमीटर. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न 303 चा. पॅटर्न रेतीतून सुटून यावा म्हणून पन्हळीच्या कडांना किंचित उतार. जाडी सहा मिलिमीटर. रस भातावर ओतता यावा म्हणून पन्हळीला एका बाजूला चोच ठेवायची की नाही यावर दोन संध्याकाळी गेल्या. आबांचं म्हणणं, चोचीपाशी रेती ढासळते. लेकीचं म्हणणं, चोच हवीच. शेवटी चोच ठेवायची ठरलं. वजन मी हिशोब करून काढलं, साडेतीन किलोच्या आसपास भरतंय.

आईने तो कागद चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "आणि हे घासणार कोण?"